कपाचा कान

औषधाच्या दुकानदाराने चहा करायला तराजू काढावा, यात तसं नवल नाही. ज्याची त्याची खोड. पण शनिवारी सकाळी त्याने दुकानातला पितळी काटा, चिमट्याने उचलायची बारकी वजनं आणि चिनी मातीचा पांढरा खल असा सगळा लवाजमा स्वयंपाकघरात आणून मांडला, तेव्हा त्याच्या बायकोने कपाळावर हात मारला.

"अहो, चहा करताय की जमालगोटा?"

"मोजतोय. मधे बोलू नकोस, चुकेल."

गल्लीत त्याला सगळे काटा म्हणत. कोणी अर्धी गोळी मागितली तर हा ती कापून दोन्ही तुकडे तोलून बघतो, असं लोक चेष्टेने सांगत, आणि चेष्टा बाजूला ठेवली तर ते खरंच होतं. खोकल्याचं औषध आणि त्वचेचं मलम तो अजून हाताने करून द्यायचा. ही विद्या त्याला ज्या म्हाताऱ्या दुकानदाराने शिकवली, त्याचा एकच दंडक होता: जे करशील ते तोलायचं, चाखायचं नाही. जिभेवर विश्वास ठेवणारा माणूस एक दिवस कोणाचा तरी जीव घेतो. काट्याने हे वाक्य असं गिरवलं होतं की घरात आमटीतलं मीठसुद्धा तो चाखून सांगत नसे. बायको विचारायची आणि हा म्हणायचा, किती चमचे घातलंस ते सांग.

चेष्टेचा विषय होता, पण घरात कोणी हसत नव्हतं. आतल्या खोलीत खिडकीपाशी त्याची आई बसली होती, आणि आई काही घेत नव्हती.

आईला गेल्या वर्षी झटका आला होता. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. डोळे, कान आणि डावा हात तेवढे शाबूत राहिले. तिची देखभाल करायला एक नेपाळी बाई यायला लागली. वयाने काट्याच्याच बरोबरीची, पण तिला सगळे दीदी म्हणत, आणि ती आईला म्हणे आमा. सकाळी दुकानाची फळी वर जायच्या सुमाराला ती यायची आणि संध्याकाळी आईचं जेवण आटोपून जायची. आल्या आल्या पहिलं काम चहाचं. तिच्या घरच्या पद्धतीचा चहा: दुधात आलं, वेलदोडा, लवंग, दालचिनी आणि या सगळ्यांच्या वरताण काळी मिरी. दुकान पुढे आणि स्वयंपाकघर मागे, मधे फक्त एक पडदा. त्या वासापुढे दुकानातला औषधांचा वास माघार घ्यायचा. गिऱ्हाइकं चिठ्ठी पुढे करता करता नाक वर करून विचारायची, आत काय चाललंय हो?

आई तो चहा घेत असे. काट्याने तिला घेताना कधी बघितलं नव्हतं. सकाळची वेळ गर्दीची, त्याला मान वर करायला फुरसत नसायची. पण दीदी रिकामे कप विसळायला मोरीत नेताना पडद्याच्या फटीतून दिसायची, आणि तेवढ्याने त्याचं समाधान व्हायचं. कप रिकामा म्हणजे आई ठीक. तो स्वतः चहा घेत नव्हता. तरुणपणीच पित्ताने हैराण झाला आणि चहा सोडून बसला, तेव्हापासून सकाळी फक्त कोमट पाणी.

मग दीदीच्या मुलीचं बाळंतपण आलं. मुलगी तिकडे डोंगरात, पहिलीच खेप, आईने जायलाच हवं. दीदी गेली. काट्याच्या बायकोने शाळेच्या कचेरीतल्या आपल्या नोकरीतून रजा काढली, आणि नवरा-बायकोने मिळून एक नियम ठरवला: आधी आई, मग आपण. आजारी माणूस उपाशी बसलेलं असताना आपण तोंड हलवणं बरं दिसत नाही. दोघांचाही जीव होता म्हातारीवर, त्यात खोट काढायला जागा नाही. पण चांगल्या मनाने केलेली चूक फार दिवस चूक म्हणून ओळखूच येत नाही, हा तिचा मोठा दोष.

पहिल्या दिवशी सुनेने चहा पुढे ठेवला. आईने डाव्या हाताने कप दूर सरकवला. सुनेला वाटलं, दीदीची आठवण येत असेल. दुपारी भाताचं ताट ठेवलं, तेही सरकवलं. चमच्याने भरवलं तर दोन घास बळेबळे जात, तिसऱ्याला ओठ मिटत. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सून बिचारी रडकुंडीला आली. माझ्या हातचंच नको झालंय का आईंना, असं ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

यात एक गोष्ट त्याला खटकत होती. औषधं आई मुकाट्याने घ्यायची. गोळी तोंडात ठेवली, वर दोन चमचे पाणी, की गिळून मोकळी. म्हणजे गिळता येत होतं, मन ताळ्यावर होतं, रागही नव्हता. मग चहा का नाही? काट्याच्या डोक्याने हिशेब मांडला तो असा: औषध बरोबर आहे म्हणून जातं, चहा चुकतोय म्हणून परत येतो. डोकं त्याचं तयार होतं हो, पण म्हणतात ना, रोग हाल्याला आणि औषध पखालीला.

शुक्रवारी डॉक्टर घरी आले. आईची कातडी चिमटीत धरून बघितली, नाडी बघितली, आणि त्याला बाहेर दुकानात घेऊन आले.

"असं चालणार नाही," ते म्हणाले. "शरीर कोरडं पडायला लागलंय. मी सोमवारी येतो. तोवर तोंडाने घ्यायला लागल्या तर उत्तम. नाहीतर नाकातून नळी."

"नळीशिवाय काही?"

"तुम्ही औषधवाले. तुम्हाला मी काय सांगू?"

डॉक्टर गेल्यावर काट्याला वडील आठवले. त्यांना शेवटी नळी घातली होती. ते ती उपसून काढत, म्हणून त्यांचे दोन्ही हात पलंगाला बांधावे लागले होते. बांधलेल्या हाताची बोटं आईने धरून ठेवली होती, आणि सगळं संपल्यावर, घरी परतताना, इस्पितळाच्या जिन्यात थांबून ती त्याला म्हणाली होती, "बाळ, माझ्यावर ही वेळ आणू नकोस. मला तसा शब्द दे." त्याने दिला होता. शब्द देताना माणूस निरोगी असतो, सोपं असतं. आता सोमवारवर येऊन ठेपलं होतं, आणि ज्या आईने शब्द घेतला तिला तो मोडल्याचं बोलूनही दाखवता येणार नव्हतं.

संध्याकाळी त्याने दीदीला फोन लावला. चारदा लावल्यावर एकदा लागला. पलीकडे वारा आणि तान्ह्या पोराचं रडणं.

"नात झाली, दादा!" दीदी ओरडून म्हणाली. "आमांना सांगा!"

"सांगतो, सांगतो. अभिनंदन. दीदी, तुमचा तो चहा कसा करायचा ते सांगा."

"चहा? त्यात काय सांगायचं? आलं ठेचायचं. मिरी फोडायची, पीठ नाही करायचं. वेलची सालासकट. लवंग थोडी, फार नको, जीभ बधिर होते. पाण्यात उकळायचं सगळं, मग दूध. दूध वर आलं की आच कमी, बसलं की पुन्हा मोठी. चहापत्ती, साखर. रंग येईपर्यंत ठेवायचं."

"मिरी किती?"

"हाताला येईल तेवढी."

काट्याने डोळे मिटले. हाताला येईल तेवढी हे कुठल्याही पुस्तकात माप नाही.

"अजून काही करता का? आई घेत नाहीये, दीदी. काहीच घेत नाहीये. तुम्ही कसं देता? काही राहिलं असेल तर आठवून सांगा."

"नाही हो, काही नाही. मी करते, आम्ही पितो, झालं. घेत नाहीत म्हणजे? दादा, ऐकू येतंय का? आमांना..." आणि फोन तुटला. पुन्हा लागला नाही.

म्हणून शनिवारी तराजू आला. त्याने मिरी तोलली, लवंगा तोलल्या, दालचिनीचा तुकडा मोडून तोलला. आल्याचा रस काढायचा की ठेचायचं यावर त्याचं आणि बायकोचं वाजलं. पातेल्यातलं दूध वर आलं, त्याने आच कमी केली, बसलं, पुन्हा मोठी केली. वास अगदी तोच आला. चपला शिवणारा म्हातारा पुढे दुकानात मलम न्यायला आला होता, तो पडद्याआडून म्हणाला, "आली वाटतं तुमची दीदी!"

काट्याने कप बशीत ठेवला, आईसमोरच्या चाकांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि बाजूला उभा राहिला. परीक्षेचा निकाल ऐकायला उभे राहतात, तसा.

आईने कपाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. डावा हात उचलला आणि कप सरकवला.

त्याने तो लगेच उचलून मोरीत ओतला. दुसरा केला, मिरी कमी करून. तिसरा, लवंग काढून. दर वेळी आई सरकवायची आणि दर वेळी हा कप उचलून स्वयंपाकघरात न्यायचा, मोरीत ओतून टाकायचा. आईच्या चेहऱ्यावर प्रत्येक वेळी काहीतरी यायचं, थोडं गोंधळल्यासारखं, पण त्याची नजर कपावर असायची. मिरीत काय चुकलं याचा तो विचार करत असायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

"एकदा चाखून तरी बघा," बायको म्हणाली. "न चाखता कसं कळणार?"

"चाखून कळत नाही. माप कळलं की कळतं."

"मग मी बघते." तिने पातेल्यात उरलेला चहा आपल्या कपात ओतला आणि ओट्यापाशी उभ्याउभ्याच दोन घोट घेतले. "उत्तम झालाय. दीदीसारखाच. तुम्ही उगाच मिरीच्या मागे लागलाय." मग तिने कप ओट्यावर ठेवला आणि आईची चादर बदलायला गेली. कप तिथेच निवत राहिला. रोज सकाळी तो तसाच राहायचा, आणि दुपारी कधीतरी ती तो थंड चहा एका दमात संपवायची.

रविवारी दुकान बंद असतं. सकाळचा कप परत आला. दुपारचं ताट परत आलं. आईचे ओठ सुकून भेगाळले होते, सुनेने त्यांना साय लावली. दुपार कलली तेव्हा काट्याने पुन्हा पातेलं चढवलं. तराजू ओट्यावर होता, पण या वेळी त्याने काही तोललं नाही. तोलून तोलून तो थकला होता. मिरी हाताला आली तेवढी घेतली, खलात फोडली, आलं बत्त्याने ठेचलं, आणि दूध वर येण्याची वाट बघत उभा राहिला. उद्या सोमवार. डॉक्टरांच्या पिशवीत नळी असेल. आईचा डावा हात बांधावा लागेल, कारण ती उपसून काढणार, आणि तो हात बांधायला दुसरा कोणी येणार नाही, त्यालाच बांधावा लागेल. दूध वर आलं, त्याने आच कमी केली. त्याला रडू येत होतं आणि तो ते आवरत नव्हता.

त्याने कप नेऊन आईसमोर ठेवला.

आईने कप सरकवला.

या वेळी त्याने तो उचलला नाही. उचलायचं त्राणच उरलं नव्हतं. आईच्या खुर्चीसमोर दीदीचं एक बुटकं स्टूल असायचं, त्यावर तो मटकन बसला. आठवडाभरात, नव्हे, वर्षभरात तो तिथे पहिल्यांदाच बसला होता. नेहमी यायचा, उभ्याउभ्या विचारायचा, आई बरी ना, आणि दुकानात पळायचा.

आईचा हात अजून टेबलावरच होता. तिने कप आणखी थोडा ढकलला, टेबलाच्या त्याच्या बाजूच्या काठापर्यंत. मग थांबली. दम खाल्ला. पुन्हा हात पुढे केला, आणि त्या एका चालत्या हाताच्या दोन बोटांनी कप बशीत फिरवला. कपाचा कान काट्याच्या उजव्या हाताकडे आला, तशी तिने बोटं काढून घेतली आणि त्याच्याकडे बघत राहिली.

काटा त्या कानाकडे बघत बसला. बारीकसारीक गोष्टींवर त्याचं पोट होतं. नको असलेल्या कपाचा कान कोणी वळवून देत नाही.

आणि मग त्याला ते जुनं स्वयंपाकघर आठवलं. वडील, दोन काका, आजोबा, तो आणि त्याची बहीण, एवढी माणसं. आई पातेलं कलंडवून ओळीने कप भरायची, एकेकाच्या हातात द्यायची, कान त्याच्याकडे करून, म्हणजे चटका बसू नये. आजोबांना आधी, मग वडिलांना, मग काकांना, मग पोरांना दूध जास्त घालून. तिचा कप वेगळा होता, त्याचा कान केव्हाच तुटलेला. तो ओट्याच्या कोपऱ्यात असायचा. त्यात ती कधी ओतायची, कधी प्यायची? त्याने आठवायचा खूप प्रयत्न केला. आई चहा करताना आठवली, देताना आठवली, कप विसळताना आठवली. पिताना आठवेना. पन्नाशी उलटलेल्या त्या माणसाने आपल्या आईला चहा पिताना कधी बघितलंच नव्हतं. सगळ्यांचं झाल्यावर ती घ्यायची, आणि सगळ्यांचं झालं की सगळे उठून जायचे.

औषध ती घेत होती, कारण औषधात कोणाचा वाटा नसतो.

"आई," तो म्हणाला.

त्याने कप उचलला. पित्त गेलं खड्ड्यात. पहिला घोट घेतला आणि मिरीचा ठसका घशात बसला, डोळ्यांत पाणी आलं. आलं जास्त झालं होतं, साखर कमी. चहा चांगला होता. तो पीत राहिला, आई बघत राहिली, लहान मूल जेवताना बघतात तशी. बुडाशी मिऱ्याचे कण राहिले, ते त्याने बोटाने काढून खाल्ले. मग स्वयंपाकघरातून दुसरा कप भरून आणला, आईसमोर ठेवला आणि तिच्या हाताजवळ सरकवला.

आईने कपाला हात लावला नाही. मान हळूहळू वळवली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

काट्याला आता सांगावं लागलं नाही.

"अगं," त्याने हाक मारली, "तुझा कप घेऊन इकडे ये."

"आले, चादरी वाळत..."

"राहू देत चादरी. आत्ता ये. कप घेऊन ये."

ती आली, गोंधळलेली, हातात सकाळपासून ओट्यावर निवून पडलेला कप. नवऱ्याचे डोळे लाल, त्याच्या हातात चहाचा रिकामा कप. चहा न पिणाऱ्या माणसाच्या हातात! तिला भलतंच काहीतरी वाटलं. "काय झालं? आईंना काही..."

"बस. पलंगावर बस. पी तो चहा. आईला दिसेल असा पी."

"मी नंतर घेईन हो, आधी आईंना..."

"आधी तू," तो म्हणाला. "अगं, ती आपल्यासाठी थांबलीय."

ती बसली. तिने नवऱ्याकडे बघितलं, सासूकडे बघितलं, आणि तिला काय उमगलं कोण जाणे, पण तिने पदराने डोळे पुसले आणि कप तोंडाला लावला. खोलीत तिच्या घोटांचा आवाज तेवढा होता. शेवटचा घोट घेऊन तिने कप आडवा करून दाखवला, शाळेतली पोरं डबा संपल्याचं दाखवतात तसा.

आईने दोघांच्या कपांकडे एकदा नीट बघितलं. मग आपला कप उचलला. डाव्या हाताने, हेलकावत, थोडा हनुवटीवर सांडत. सुनेने हात पुढे केला, काट्याने तो धरून मागे ओढला. आई प्यायली. सावकाश, मधे थांबत, तिने तो कप संपवला, आणि संध्याकाळी, दोघांनी समोर बसून जेवल्यावर, वाटीभर मऊ भातही खाल्ला.

रात्री आवराआवर चालू असतानाच दीदीचा फोन आला. बिचारी दोन दिवस लाइन मिळायची वाट बघत होती.

"दादा, आमा कशा आहेत?"

"घेतला. आज चहा घेतला. दीदी, एक विचारू? तुम्ही आईच्या आधी चहा पीत होतात का?"

पलीकडे दीदीचा आवाज बारीक झाला.

"चुकलं माझं, दादा. खरं सांगते, मी पहिल्या दिवशी त्यांच्यापुढेच ठेवला होता. पण त्या माझ्याकडे सरकवायच्या. मला वाटलं, प्रेमाने देतायत, नाही कसं म्हणायचं? मी तो पिऊन टाकायचे आणि त्यांना दुसरा द्यायचे. मग सवयच पडली. जेवणाचंही तसंच. कामाच्या बाईने आधी खाऊ नये, कळतं मला. आमांना राग आला होता का?"

"नाही," काटा म्हणाला. "राग नाही आला. तुम्ही परत आलात की असंच करा. आणि हे बघा, नातीचं नाव काय ठेवलं?"

"अजून नाही ठेवलं. आमांनाच विचारणार होते," दीदी म्हणाली, आणि मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं.

सोमवारी डॉक्टर आले. दार उघडताच त्यांना मिऱ्याचा वास आला. पिशवी त्यांनी कोपऱ्यात ठेवली, तिच्यातून नळीचं पाकीट डोकावत होतं. आईकडे बघून त्यांनी भुवया उंचावल्या. ओठ बरे दिसत होते.

"घेतायत?"

"बसा, डॉक्टर," काटा म्हणाला. "चहा घ्या."

"नको, नको. मी बाहेर चहा घेत नाही. आणखी तीन घरं आहेत मला."

"घ्यावा लागेल."

"अहो, आग्रह नको. पेशंटला द्या आधी."

"तेच करत होतो आठवडाभर," काटा म्हणाला. "तुम्ही घेतल्याशिवाय ती घेणार नाही. घरात माणूस आलेलं आहे, डॉक्टर."

डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं, मग आईकडे. आई त्यांच्याकडेच बघत होती. ते पलंगाच्या कडेवर टेकले. सुनेने कप आणले: डॉक्टरांचा, नवऱ्याचा, आपला. तिघं प्यायले. डॉक्टरांना ठसका लागला आणि ते हसले. आईची नजर एका कपावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जात होती. तिच्यासमोरचं टेबल रिकामं होतं. डॉक्टरांनी खुणेनेच विचारलं, त्यांचा कुठेय?

"थांबा," काटा म्हणाला.

तिसरा कप रिकामा होऊन बशीत बसला, तेव्हा तो उठला. स्वयंपाकघरात मंद आचेवर पातेलं ठेवलेलं होतं, त्यात एकच कप चहा. त्याने तो गाळला आणि घेऊन आला. टेबलावर ठेवून त्याने कपाचा कान आईच्या डाव्या हाताकडे वळवला.

आईने कप उचलून तोंडाशी नेला आणि दचकून थांबली. वाफ तिच्या चेहऱ्यावर आली होती. सगळ्यांचं होईपर्यंत जो थांबतो त्याला गरम चहाची सवय कुठून असणार? तिने फुंकर घालायला ओठ जुळवले, पण अर्ध्या लुळ्या ओठांतून ती येईना.

काट्याने स्टूल पुढे ओढलं, तिच्या हाताखाली आपला हात धरला, आणि तिच्या चहावर हळूहळू फुंकर घालत बसला.